मगरगणती

साडेचारला जैमिन आला, फतेगंजच्या नाक्यावर, स्कूटरवर,
पाठीला लॅपटॉप, पायांमध्ये ड्रोनचा डबा.
माझ्याकडे शाल, टॉर्च आणि एक्क्याऐंशी सालची वही.
विश्वामित्रीचा वास पुलाच्या आधीच येतो.

वहीत आहे:
तीस मगरी धरल्या, शेपटीच्या खवल्याला खाच पाडली, सोडल्या.
महिन्याने चाळीस दिसल्या. खाचेच्या आठ.
म्हणून नदीत दीडशे.
या 'म्हणून'वर मी तेहतीस वर्षं पगार घेतला.
खाली बारीक अक्षरात: नव्वद ते अडीचशे.
तेवढंच साहेबांनी खोडलं होतं,
बाई, आकडा एकच द्या.

जैमिनच्या यंत्राला चौदा हजार फोटो दाखवलेत.
ही मगर, हा ओंडका, हे म्हशीचं मढं,
हा विसर्जनातून उरलेला बांबूचा सांगाडा.
आता ते आपणहून सांगतं: मगर, सत्त्याऐंशी टक्के.
"मॅडम, आमां कशुं धारवुं ज न पडे."
काही म्हणजे काही धरून चालायचं नाही.
मी म्हटलं, मग ऊन पडायची वाट का बघतोस?
मगरी उन्हाला काठावर येतात, हे कुणी धरलं?
तो हसला. चहा पाजला.

टॉर्चच्या झोतात ठिणग्या, जोडीजोडीने,
आणि पलीकडच्या वळणावर एक एकटी.
ती पूर्ण मोजायची की सोडायची?
वहीत याचा नियम आहे.
यंत्रात याची सवय आहे.

मग त्याने थर उलगडून दाखवले, एकाखाली एक.
अगदी शेवटी, उत्तराच्या उंबऱ्यावर,
एक वाकडी रेघ.
खालून सरपटत येते, मध्ये उभी चढते, वर जाऊन आडवी होते.
हिला मी ओळखते.
लॉग टेबलं उघडून, कागदांवर पेपरवेट ठेवून
हिच्याबरोबर दोन उन्हाळे काढलेत.
किती औषधाला किती किडे मरतील, ते सांगायची तेव्हा.
लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणीसारखी,
आडनाव वेगळं, हसणं तेच.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
थोडी लाज वाटली.
कारण मीही सात सूत्रं लावून पाहायचे,
बिंदूंना बसेल ते ठेवायचे,
आणि गृहीतकं मागाहून लिहायचे, पहिल्या पानावर,
जशी काही सुरुवात त्यांच्यापासूनच झाली होती.

दुपारी त्याचा आकडा आला, एकशे त्रेसष्ट.
मी विचारलं, आणि चूक?
तो गप्प. रात्री अकराला फोन.
तेच फोटो चिठ्ठ्यांसारखे काढले, परत टाकले,
पुन्हा काढले, असं हजार वेळा.
एकशे बेचाळीस ते दोनशे एक!
"आ आयडिया मस्त छे, मॅडम."
मस्त आहेच.
बिस्किटाच्या डब्यात माझ्या चाळीस चिठ्ठ्या असायच्या,
आणि त्या काढायला आमची शाल्मली, चौथीतली,
दर पन्नास खेपांना एक गोळी, या बोलीवर.

खात्यात मकवाणाभाईंनी फॉर्म पुढे सरकवला.
पद्धत: सांख्यिकी / ए.आय.
योग्य तिथे खूण करा.
जैमिनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
"बे टिक नहीं चाले, बेन."
नदीच्या काठाची उपमा सुचली होती मला,
चिखल कुठे संपतो, पाणी कुठून लागतं वगैरे.
वर्गात चालली असती.
मी खूण त्या तिरप्या रेघेवरच केली.

मकवाणाभाईंनी चष्मा पुसला.
मग सहज विचारलं,
मंगळवारी त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली,
मारुतीखाली, आणि आम्ही नदीत सोडली,
ती धरलीत ना?

त्याने लॅपटॉप उघडला. मी वही.